आर्डंट
आर्डंट : मनाचा तीव्र आवेग, निष्ठा किंवा ओढ दाखवणारे इंग्रजी विशेषण. मराठीत प्रसंगानुसार उत्कट, जाज्वल्य, निस्सीम, कट्टर हे शब्द योजतात.

मूळ लॅटिन क्रियापद ‘आर्डेरे’, म्हणजे जळणे. त्यावरून झालेले विशेषण जुन्या फ्रेंचमार्गे बहुधा १४व्या शतकात इंग्रजीत आले. जाळपोळीच्या गुन्ह्याला असलेला ‘आर्सन’ हा शब्द त्याच कुळातला. पूर्वी इंग्रजीत ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफ करून पुन्हा थंड केलेल्या, मद्याला ‘आर्डंट स्पिरिट्स’ म्हणत. तिथे आवेगाचा संबंध नाही, मद्य पेट घेते एवढाच अर्थ. पोर्तुगीज ‘आग्वार्देन्ते’ म्हणजेही जळते पाणीच. जवळचा ‘फर्व्हंट’ हा शब्द उकळण्यावरून आला आहे. तो प्रार्थनेला आणि आशेला अधिक शोभतो, ‘आर्डंट’ प्रेमिकाला आणि समर्थकाला.

इंग्रजी-मराठी कोशकार्याचे मुंबई हे जुने केंद्र. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश येथे १८३१ मध्ये निघाला. त्यांनीच आरंभलेला इंग्रजी-मराठी कोश कँडी यांनी पुरा करून १८४७ मध्ये प्रसिद्ध केला. आज सहज सुचणारा प्रतिशब्द ‘उत्कट’, पण त्यात आग नाही. पाणिनीच्या मते ‘उत्’ या उपसर्गाला ‘कटच्’ प्रत्यय लागून तो सिद्ध होतो. संकट, प्रकट, विकट हेही तसेच. प्रकट आणि विकट ही प्रकृत, विकृत यांची प्राकृत वळणाची रूपे मानणारे अभ्यासक ‘उत्कट’चाही उलगडा त्याच वाटेने करतात. ‘कट’ म्हणजे हत्तीचे गंडस्थळ असाही अर्थ आहे. संस्कृतात माजलेल्या हत्तीला उत्कट म्हणत असल्याने ही तिसरी व्युत्पत्ती मोहक वाटते. परंतु तिने बाकीच्या शब्दांचा उलगडा होत नाही, म्हणून प्राकृत वळणाचे मत अधिक ग्राह्य दिसते. समर्थ रामदासांनी १७व्या शतकात ‘उत्कट’ची जोडी ‘भव्य’शी लावली आहे. तिथे रोख भावनेपेक्षा थोरवीकडे आहे.

जळण्याची प्रतिमा मराठीत खरी उतरते ती ‘जाज्वल्य’मध्ये. ‘ज्वल्’ धातूच्या अतिशयदर्शक रूपावरून तो शब्द घडला आहे. ‘जाज्वल्य देशाभिमान’ हा ‘आर्डंट’चा सर्वांत नेमका अनुवाद म्हणता येईल. क्रिकेटवेड्या मुंबईकराला मात्र कोणी जाज्वल्य म्हणत नाही. तो ‘निस्सीम चाहता’, बोलण्यात ‘कट्टर फॅन’. ‘कट्टर’मध्ये हटवादाची छटा येते, ती ‘आर्डंट’मध्ये नाही. प्रेमासाठी ‘उत्कट’च रूढ आहे.