दहा केबीच्या आतली चित्रं: पार्श्वभूमी

१५ ऑगस्ट १९९५ ला मुंबईत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं, तेव्हा स्वस्तातल्या शेल, म्हणजे नुसत्या मजकुराच्या, अकाउंटवर चित्रं दिसतच नसत. त्याच वर्षी नोव्हेंबरात वेबवरच्या फॉर्ममधून फाइल चढवायची पद्धत आरएफसी १८६७ या इंटरनेटच्या पद्धती मांडणाऱ्या दस्तऐवजात लिहिली गेली. त्यात फाइल यायची ती वापरणाऱ्याच्याच संगणकावरून. दुसऱ्याच्या सर्व्हरवरचं चित्र आपल्या ॲपने स्वतः जाऊन आणायचं आणि नोंदीला अटॅचमेंट म्हणून जोडून ठेवायचं, ही गरज नंतर आली. आधी नुसती लिंक दिली तरी भागत होतं.

लिंकवर भागेनासं झालं, कारण चित्र जिथे आहे ती जागा आपली नसते. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराने आपल्या कॅटलॉगमध्ये उत्पादकाच्या साइटवरची छोटी चित्रं लिंकने दाखवली, तर उत्पादकाने पान बदललं की इकडे रिकामे चौकोन उरतात. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं, तेव्हा तिथल्या फोटोंवर विसंबलेल्या लिंकाही गेल्या. चित्र उतरवून स्वतःकडे ठेवणं हाच उपाय होता, आणि रेल्सवर, म्हणजे रुबी या प्रोग्रामिंग भाषेतल्या वेब ॲप बांधायच्या साच्यावर, काम करणारे इथेच एका विचित्र अडचणीत सापडले.

रुबीत पत्ता देऊन मजकूर आणायला ओपन-यूआरआय ही सोबत येणारी लायब्ररी वापरली जाते. ती उत्तर आधी मेमरीत गोळा करते. १०,२४० बाइटपर्यंत (१० केबी) सगळं मेमरीतच राहतं आणि हातात स्ट्रिंगआयओ, म्हणजे फाइलसारखी वाचता येणारी पण मेमरीतच असलेली वस्तू, येते. त्यापुढे एक बाइट जरी गेला, तरी ती तात्पुरती फाइल उघडते, आतापर्यंतचं त्यात ओतते आणि टेम्पफाइल देते. ओळ तीच, पत्त्याची पद्धत तीच, पण ८० केबीचा फोटो आणला तर एक वस्तू मिळते आणि ६ केबीचा लोगो आणला तर दुसरी. टेम्पफाइलला डिस्कवरचा मार्ग असतो, स्ट्रिंगआयओला नसतो. चित्र लहानमोठं करणारी साधनं तेव्हा बहुतेक वेळा कमांड लाइनवरून चालवली जायची आणि त्यांना मार्गच हवा असायचा. त्यामुळे फोटो व्यवस्थित जतन व्हायचे, आणि लोगो, आयकॉन, प्रोफाइलवरचे छोटे अवतार मात्र अडायचे. चाचणीत ठेवलेलं चित्र हमखास मोठं असायचं, म्हणून घोटाळा खऱ्या वापरातच उघडा पडायचा.

जिथे अडत नसे, तिथेही नावांचा खेळखंडोबा व्हायचाच. रेल्समध्ये नोंदीला फाइल जोडून देणाऱ्या पेपरक्लिप या तेव्हाच्या लोकप्रिय जोडणीने मेमरीतल्या वस्तूला नाव नसेल तर ‘स्ट्रिंगआयओ डॉट टीएक्सटी’ हे नाव ठरवून टाकलं होतं. मोठ्या चित्रांना तात्पुरत्या फाइलचं, ‘ओपन-यूआरआय’ने सुरू होणारं, एक्स्टेन्शन नसलेलं लांबलचक नाव मिळायचं. एकाच फोल्डरमध्ये अशी दोन्ही नावं दिसली की काय झालंय ते जाणकाराला लगेच कळायचं.

यावर दोन उपाय पसरले. एक, आणलेल्या वस्तूलाच तिथल्या तिथे नाव सांगणारी मेथड चिकटवायची आणि ते नाव पत्त्याच्या शेवटच्या तुकड्यातून काढायचं. दुसरा जास्त आडदांड: लायब्ररीतली १०,२४० ही मर्यादाच पुसून तिथे ० बसवायचं, म्हणजे प्रत्येक वेळी फाइलच मिळेल. या दुसऱ्या उपायावर मतं टोकाची आहेत. सोबत येणाऱ्या लायब्ररीचा स्थिरांक बाहेरून बदलला की त्याच प्रक्रियेतल्या बाकीच्या कोडलाही त्याचे परिणाम भोगावे लागतात, हा आक्षेप मला पूर्ण पटतो. पण मूळ निर्णयाला सरसकट चूक म्हणणंही न्यायाचं नाही. चार-पाच केबीसाठी डिस्कवर फाइल उघडायची आणि नंतर पुसायची, हा खर्च उगाचच आहे. जावामधल्या फाइल चढवण्याच्या एका जुन्या, सर्वत्र वापरल्या गेलेल्या लायब्ररीतही सुरुवातीची मर्यादा १०,२४० बाइटचीच आहे. पायथन भाषेतल्या जँगो या वेब ॲपच्या साच्यात ती २.५ एमबी आहे. मर्यादा असावी, पण ती ओलांडली की नाही हे फाइल मागणाऱ्या कोडला जाणवू नये. जँगोने दोन्ही प्रकारांना सारखा चेहरा दिला, नाव आणि आकार दोन्हींना विचारता येतो. रुबीत ते झालं नाही, आणि त्याची किंमत छोट्या चित्रांनी मोजली.

एप्रिल २०१८ मध्ये रेल्स ५.२ सोबत ॲक्टिव्ह स्टोरेज हे फाइल जोडायचं रेल्सचं स्वतःचं साधन आलं आणि गुंता बराच सुटला. वाचता येईल अशी कुठलीही वस्तू द्या आणि फाइलचं नाव वेगळं सांगा, एवढंच ते मागतं. नाव देणं सक्तीचं केलं, हे मला यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. त्याच वर्षी पेपरक्लिपच्या कर्त्यांनी नव्या कामासाठी हेच वापरा असं सांगून आपलं काम आवरतं घेतलं.

त्यानंतरचा सगळा जोर सुरक्षेवर गेला. रुबीतल्या फाइल उघडायच्या साध्या ‘ओपन’ला, ओपन-यूआरआय सोबत असताना, पत्ता दिला तर ते आणायचं, आणि उभ्या रेघेने सुरू होणारा मजकूर दिला तर तो कमांड म्हणून चालवायचं. वापरणाऱ्याने टाकलेला पत्ता तसाच तिथे गेला तर सर्व्हर त्याच्या ताब्यात. डिसेंबर २०१९ च्या रुबी २.७ मध्ये ‘ओपन’ला पत्ता देण्यावर इशारा येऊ लागला आणि वर्षभराने ३.० मध्ये ती सोय काढली. आता ‘यूआरआय डॉट ओपन’ असं स्पष्ट लिहावं लागतं.

दुसरा धोका क्लाउडचा. जून २०१६ मध्ये एका मोठ्या क्लाउड कंपनीने मुंबईत आपलं केंद्र सुरू केलं आणि इथली कितीतरी ॲप तिकडे गेली. अशा सर्व्हरला आतून १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर स्वतःची माहिती, कधी कधी तात्पुरत्या किल्ल्याही मिळतात. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका बँकेची सुमारे १० कोटी ग्राहकांची माहिती गेली, ती सर्व्हरला याच पत्त्यावर जायला लावून. ‘चित्राची लिंक द्या’ असा रकाना ठेवणारं प्रत्येक ॲप हे दार उघडं ठेवू शकतं. पत्ता एकदा तपासून भागत नाही, कारण बाहेरचा निरुपद्रवी पत्ता रिडायरेक्ट करून आत पाठवू शकतो. प्रत्येक टप्प्यावर आयपी पाहावा लागतो. आकाराचंही तसंच. समोरचा सर्व्हर लांबी खोटी सांगू शकतो किंवा सांगतही नाही, म्हणून येणारे बाइट मोजत राहून ठरलेल्या आकड्यावर जोडणी तोडावी लागते.