ब्रेलसाठी शाळेची वाट कशाला?

‘न दिसणाऱ्या मुलाला ब्रेल शाळेतच शिकवतील, तोवर गोष्टी ऐकवा, पुरे,’ असं गोव्यात फोंडा-डिचोलीकडे अजूनही ऐकू येतं. हे चूक आहे. डोळस मूल शाळेआधीच कदंब बसच्या पाटीवर, दुधाच्या पिशवीवर अक्षरं बघत असतं. अंध मुलाच्या बोटांनाही ती ब्रेलच्या उठावाच्या टिंबांतून तशीच भेटायला हवीत. गोष्टी जरूर ऐकवा, पण ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक नुसत्या कानाला कळत नाही.

ब्रेलच्या सहा टिंबांसाठी सहा अंड्यांचा ट्रे तीन-तीन खळग्यांच्या दोन उभ्या रांगा होतील असा ठेवा, तोंडात जाणार नाहीत एवढी लिंबं घ्या. डावीकडच्या सर्वांत वरच्या खळग्यात एक लिंबू म्हणजे अ. त्याच उभ्या रांगेत तळाला आणखी एक ठेवलं की क! १९५१ सालची भारती ब्रेल, म्हणजे भारतीय भाषांसाठीची ब्रेल, याच सहा टिंबांची.

आणि थोडं दिसणाऱ्या मुलाची नजर ब्रेल शिकल्याने मुळीच अधू होत नाही.