कुंभारीण माशी आणि बिनवैमानिक विमान

पुण्यात खिडकीच्या चौकटीतलं एखादं भोक रिकामं दिसलं, की कुंभारीण माशी त्यात चिखलाचं घर बांधून मोकळी होते. विमानाच्या पुढच्या भागावरची, वेग मोजणारी पिटो नळी तर तिच्या सोयीचीच. म्हणून विमान उभं केलं, की नळीवर लाल फीत लोंबणारं टोपण चढवतात. ते काढून नळीत डोकावणं हे उड्डाणाआधीचं काम लष्करी मानवरहित विमानालाही चुकत नाही.

समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब आणि आजूबाजूचा स्थिर दाब यांच्या फरकावरून वेग कळतो. पुण्याच्या उंचीवर, ताशी १०० किलोमीटर वेगाला हा फरक वातावरणीय दाबाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरतो. एवढ्याशा आकड्याचा घोळ व्हायला चिमूटभर चिखल पुरतो. १९९६ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकजवळ प्रवासी विमान कोसळून १८९ जण गेले. तपासात संशय या माशीच्या घरावरच आला. अपघाताआधी नळ्यांवर टोपणं नव्हती.

त्या विमानात निदान शंका घ्यायला माणसं तरी होती. मानवरहित विमानात ऑटोपायलट दिसेल तो आकडा खरा मानतो. वेग खोटाच जास्त दिसला तर तो विमान हळू करत जातो, पार पंखांची उचल संपेपर्यंत. छोट्या विमानांत तंत्रज्ञ यंत्रणा सुरू करताना नळी झाकून घेतात, नाहीतर वारा हाच शून्य वेग ठरतो. मग झाकण काढून नळीवर हलकी फुंकर घालायची. पडद्यावरचा आकडा हलला पाहिजे. जोरात फुंकायचं नाही, सेन्सर नाजूक असतो.

इंजिनाची तऱ्हा वेगळी. आपल्या सैन्यदलांकडच्या जुन्या हेरॉन मानवरहित विमानांमध्ये रॉटॅक्स ९१४ हे ११५ अश्वशक्तीचं इंजिन असतं. त्याचं तेल वेगळ्या टाकीत राहतं, पण उभ्या इंजिनात थोडं खाली साचतं. लगेच काडी बुडवली तर पातळी कमीच दिसणार. म्हणून इग्निशन बंद ठेवून पंखा हाताने, योग्य दिशेनेच, सावकाश फिरवतात. टाकीतून गुडगुड ऐकू आली, की तेल परतलं. मग काडी. बाकी देखभाल उड्डाणतासांच्या हिशेबाने चालते.

तपासणी जमिनीवरून विमान चालवायच्या कन्सोलचीही लागते, आणि मला तीच जास्त धोक्याची वाटते. एप्रिल २००६ मध्ये ॲरिझोनात अमेरिकी सीमारक्षकांचं प्रिडेटर बी हे मानवरहित विमान उडत असताना वैमानिकाचा कन्सोल अडकला. त्याने ताबा शेजारच्या कन्सोलवर घेतला. तिथला दांडा तोवर कॅमेऱ्याच्या झडपेसाठी वापरात होता. ताबा बदलताच तोच दांडा इंजिनाचा झाला, आणि तो होता त्या स्थितीचा अर्थ आता होता इंधन बंद. ताबा घेण्याआधी दोन्ही दांडे एकाच स्थितीत आणा, असं तपासणीच्या यादीत लिहिलेलं होतं. यादी कोणी उघडलीच नाही. इंजिन थांबलं, विमान खाली येत संपर्काच्या रेषेबाहेर गेलं आणि नोगालेसजवळ डोंगराळ भागात पडलं.