पासवर्ड मॅनेजर

पासवर्ड मॅनेजर : निरनिराळ्या खात्यांसाठी पासवर्ड तयार करणारी, ते कूटबद्ध स्वरूपात साठवणारी आणि योग्य संकेतस्थळावर आपोआप भरणारी संगणकप्रणाली. या साठ्याला तिजोरी म्हणतात. ती एका मुख्य पासवर्डने उघडते व संगणक, फोन आणि ब्राउझर यांत सारखी ठेवता येते.

उगम : पहिला पासवर्ड मॅनेजर कोणता, याबाबत दोन मते आहेत. कूटशास्त्रज्ञ ब्रूस श्नायर यांच्या ‘पासवर्ड सेफ’ला सामान्यतः हा मान दिला जातो. विंडोज ९५ साठीची ही प्रणाली १९९७ मध्ये मोफत उपलब्ध झाली आणि तिच्यात श्नायर यांचीच ब्लोफिश कूटपद्धती वापरली होती. दुसऱ्या मतानुसार मान ॲपलच्या ‘कीचेन’चा. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात ॲपलच्या पॉवरटॉक या ई-मेल प्रणालीत ही सोय आली, पॉवरटॉकबरोबर मागे पडली आणि मॅक ओएस ८.६ मध्ये (१९९९) परतली. निव्वळ कालक्रमाने कीचेन आधीची ठरते. परंतु ती कार्यप्रणालीचा एक भाग होती आणि तिचा मूळ हेतू ई-मेल खाती जोडण्याचा होता. कोणत्याही सेवेचा पासवर्ड वापरणाऱ्याने स्वतः नोंदवावा आणि सगळा साठा एका पासवर्डमागे असावा, ही आजची रचना पासवर्ड सेफमध्ये स्पष्ट दिसते. स्वतंत्र साधन या अर्थाने १९९७ हे वर्ष धरणे अधिक सयुक्तिक वाटते. पुढे डॉमिनिक राइखल यांचे कीपास (२००३), वनपासवर्ड (२००६), लास्टपास (२००८) आणि बिटवॉर्डन (२०१६) आले. उपकरणांमध्ये आपोआप जुळणारी आयक्लाउड कीचेन २०१३ ची.

किल्ली कशी बनते : तिजोरीचे कूटलेखन बहुधा २५६ बिटांच्या एईएस या प्रमाणित कूटपद्धतीने होते. ते थेट फोडण्याचा प्रयत्न कोणी करत नाही. हल्ला होतो तो मुख्य पासवर्डवर. चोरलेल्या तिजोरीवर अंदाजांचा मारा हल्लेखोर स्वतःच्या यंत्रावर करतो. तिथे ‘पाच चुकांनंतर खाते बंद’ असा अडसर नसतो. म्हणून मुख्य पासवर्डपासून तिजोरी उघडणारी किल्ली बनवण्याची क्रिया मुद्दाम संथ केलेली असते. पीबीकेडीएफ२ या जुन्या पद्धतीत (२०००) हॅशच्या (मजकुराचा उलट न फिरवता येणारा ठसा काढण्याच्या क्रियेच्या) हजारो फेऱ्या होतात. एसएचए-२५६ या हॅशसह ६,००,००० फेऱ्या ही ओवॅस्प या संगणक-सुरक्षा संस्थेची २०२३ पासूनची शिफारस. या पद्धतीला स्मृती फारशी लागत नाही, त्यामुळे ग्राफिक्स कार्डांवर असंख्य अंदाज एकाच वेळी तपासता येतात. पासवर्ड हॅशिंग स्पर्धेत २०१५ मध्ये विजयी ठरलेली आर्गॉन२ ही पद्धत प्रत्येक अंदाजासाठी मोठी स्मृती अडवते आणि हा मार्ग महाग करते. आरएफसी ९१०६ या इंटरनेट मानकांच्या दस्तऐवजात (२०२१) मर्यादित स्मृतीच्या यंत्रांसाठी ६४ मेबीबाइट स्मृती, ३ फेऱ्या व ४ समांतर मार्गिका अशी मापे दिली आहेत. निवड करता येत असेल तर आर्गॉन२ आयडी हा प्रकार घ्यावा.

एक अडचण मात्र नेहमी येते. आयफोनमध्ये ऑटोफिल विस्ताराला (पासवर्ड आपोआप भरणाऱ्या ॲपच्या जोडभागाला) मिळणारी स्मृती मुख्य ॲपपेक्षा बरीच कमी असते. संगणकावर आर्गॉन२ची स्मृती वाढवून ठेवली की फोनवर ॲप व्यवस्थित उघडते, पण ऑटोफिल मध्येच बंद पडते. दोष ॲपचा वाटतो. उपाय स्मृतीचे माप कमी करणे हाच.

लास्टपासच्या २०२२ मधील घटनेने हे सगळे प्रत्यक्षात दाखवले. ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या बॅकअप प्रती चोरीला गेल्या. पासवर्ड कूटबद्ध होते, पण संकेतस्थळांचे पत्ते उघडे होते. शिवाय अनेक जुन्या खात्यांवर फेऱ्यांची संख्या जुनीच, कमी राहिली होती. खाते जुने असेल तर सेटिंगमध्ये फेऱ्या स्वतः तपासाव्यात. सेवा बदलली म्हणून खात्याचे माप बदलतेच असे नाही.

मुख्य पासवर्ड : तो पाठ राहायला हवा आणि यदृच्छेने निवडलेला हवा. आर्नल्ड राइनहोल्ड यांच्या डाइसवेअर पद्धतीत (१९९५) पाच फासे टाकून ७,७७६ शब्दांच्या यादीतून एक शब्द निघतो. प्रत्येक शब्द सुमारे १२.९ बिटांची भर घालतो. सहा शब्दांचे सुमारे ७७ बिट होतात आणि ते पुरेसे आहेत. आवडीची ओळ किंवा म्हण घेतल्यास हा हिशेब लागूच होत नाही, कारण तिथे यदृच्छा नसते. तिजोरीच्या आतले पासवर्ड पाठ करायचे नसतात. तिथे २० यादृच्छिक अक्षरे ठेवावीत. काही संकेतस्थळे लांब पासवर्ड न सांगता कापतात आणि लॉगिनच्या वेळी पूर्ण पासवर्ड नाकारतात. म्हणून बदल केल्यावर लगेच बाहेर पडून पुन्हा लॉगिन करून पाहावे.

निवड : खरा प्रश्न तिजोरी कोठे राहणार हा आहे. कीपास घराण्यात ती केडीबीएक्स नावाची एक फाइल असते. ती आपल्या ताब्यात राहते, पण उपकरणांमध्ये जुळवण्याचे व बॅकअपचे काम आपल्याकडे येते. फोन व संगणक यांवर एकाच वेळी नोंदी बदलल्या तर सिंक सेवा ‘कॉन्फ्लिक्ट’ अशी दुसरी प्रत तयार करते. ती पुसून न टाकता दोन्ही फाइली एकत्र (मर्ज) कराव्यात, नाहीतर नवे पासवर्ड हरवतात. क्लाउड सेवेत ही कटकट नाही. तिथे कूटलेखन आपल्या उपकरणावरच होते का, आणि पत्ते व टिपाही कूटबद्ध होतात का, हे पाहावे. वनपासवर्डमध्ये मुख्य पासवर्डला १२८ बिटांची ‘सीक्रेट की’ जोडलेली असते, त्यामुळे सर्व्हरवरील प्रत चोरून केवळ अंदाजांनी ती उघडत नाही. ब्राउझरमधली सोय एकाच कंपनीची उपकरणे वापरणाऱ्यास चालते. मॅक, विंडोज आणि अँड्रॉइड एकत्र असतील तर स्वतंत्र मॅनेजर बरा.

मांडणी : सुरुवात संगणकावर करावी. जुने पासवर्ड ब्राउझरमधून सीएसव्ही (साध्या मजकुराच्या तक्त्याच्या) फाइलने बाहेर काढून नव्या तिजोरीत आणता येतात. ही फाइल पूर्णपणे उघडी असते. काम होताच ती पुसावी, रिसायकल बिनही रिकामा करावा आणि डाउनलोड्स फोल्डर क्लाउडशी जोडलेला असल्यास तिथूनही काढावी. मग ब्राउझरची स्वतःची पासवर्ड साठवण बंद करावी. दोन्ही चालू राहिल्यास नवा पासवर्ड कोठे गेला ते कळत नाही. बदलाची सुरुवात ई-मेल खात्यापासून करावी, कारण बाकी खात्यांच्या रीसेटच्या वाटा तिथूनच जातात.

आयओएस १८ मध्ये सेटिंग्ज, जनरल, ऑटोफिल अँड पासवर्ड्स येथे मॅनेजर निवडावा लागतो. अँड्रॉइडवर (८.० पासून) ही जागा उत्पादकागणिक बदलते, सेटिंग्जच्या शोधात ‘ऑटोफिल’ लिहिणे सोपे.

ऑटोफिल संकेतस्थळाचा पत्ता जुळल्यावरच पासवर्ड देते, हे फिशिंगविरुद्धचे (बनावट पानांनी पासवर्ड लुबाडण्याविरुद्धचे) मोठे संरक्षण आहे. ओळखीच्या पानावर ते अचानक गप्प राहिले तर पासवर्ड हाताने चिकटवण्याआधी पत्ता वाचावा.

कुलूपबंदीचा धोका : स्वतःच्याच तिजोरीबाहेर अडकण्याचे संकट चोरीपेक्षा अधिक संभवते. ई-मेलचा पासवर्ड तिजोरीत, तिजोरीचा दुसरा घटक (पासवर्डशिवाय लागणारा कोड) फोनवर आणि फोन हरवलेला, अशी साखळी तयार होऊ देऊ नये. खात्याचा ई-मेल, मुख्य पासवर्ड व रिकव्हरी कोड कागदावर लिहून दोन वेगळ्या सुरक्षित जागी ठेवावेत. शून्य-ज्ञान पद्धतीच्या (मुख्य पासवर्ड कधीच न पाहणाऱ्या) सेवेलाही तिजोरी उघडता येत नसल्याने हा कागदच उपयोगी पडतो. एकवेळचे सहा अंकी कोड तिजोरीतच ठेवावेत का, यावर मतभेद आहेत. निदान ई-मेल व खुद्द तिजोरी यांचे कोड वेगळे ठेवणे शहाणपणाचे.

पासकी : पासकी म्हणजे पासवर्डऐवजी लॉगिनसाठी वापरली जाणारी कूटकिल्ली. २०२३ मध्ये आयओएस १७ व अँड्रॉइड १४ यांपासून त्रयस्थ मॅनेजरनाही पासकी साठवता येतात. सीएसव्ही निर्यातीत त्या येत नाहीत. म्हणून मॅनेजर बदलताना प्रत्येक खात्यावर आधी नवी पासकी नोंदवून, ती चालते हे पाहून मगच जुनी काढावी.