आर्डनचं रान आणि लिअरचा माळ

दरबार सुटला, रानात गेला आणि शहाणा झाला, असं शेक्सपिअरच्या नायकांबद्दल सरसकट सांगितलं जातं. मग ‘अ‍ॅज यू लाइक इट’ (सुमारे 1599) आणि ‘किंग लिअर’ (1605-06) एकाच खणात पडतात. या दोन रानांतला फरक निसर्गवर्णनातून कळत नाही. जेवायला कोण घालतं, पैसा चालतो का, आणि हाताखाली किती माणसं उरली, ते पाहावं.

‘अ‍ॅज यू लाइक इट’मधल्या आर्डनच्या रानात तिन्ही शाबूत आहेत. थोरल्या ड्यूकला, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याला, धाकट्या भावाने, फ्रेडरिकने हाकललं. पण मर्जीतले सरदार सोबत आले. त्यांच्या जमिनी नि उत्पन्न आयतं मिळतंय म्हटल्यावर फ्रेडरिकनेही त्यांना खुशाल जाऊ दिलं. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला ड्यूक दरबारापेक्षा रान किती निर्धोक ते सांगतो आणि त्याच दमात हरणाच्या शिकारीचं काढतो. भावाने तुमचं राज्य बळकावलं, त्याहून जास्त तुम्ही इथे बळकावताय, हा सोबत आलेल्या उदास जेक्विसचा टोमणा एक सरदार तिथेच त्याच्या कानावर घालतो. मेंढपाळ कोरिन तर चाकर: कळप मालकाचा, लोकरही मालकाची. झोपडी, कळप आणि कुरण विक्रीला निघालेत. रानात आलेल्या ड्यूकची मुलगी रोझलिंड आणि फ्रेडरिकची मुलगी सीलिया सोबत आणलेल्या पैशांतून ते विकत घेतात, वर कोरिनचा पगार वाढवायचं कबूल करतात. थोडक्यात, दरबाराने फक्त बिऱ्हाड हलवलंय.

मुलींना राज्य वाटून दिलेल्या राजा लिअरला मुळात कुणी हद्दपार केलेलंच नाही. हद्दपार होतो तो त्याचा निष्ठावंत सरदार केंट: 1623 च्या फोलिओनुसार (शेक्सपिअरच्या नाटकांचा एकत्रित छापील संग्रह) तयारीला पाच दिवस, सहाव्या दिवशी चालतं व्हायचं, दहाव्या दिवशी राज्यात सापडला तर मरण. लिअरचं मात्र माणूसबळ कापलं जातं. 100 स्वारांचे 50, मग 25, मग दहा तरी कशाला, पाच तरी कशाला. शेवटी त्याची मुलगी रीगन विचारते, एकाची तरी काय गरज? तो वादळात निघून जातो आणि मागे दारं बंद होतात. बाहेर विकत घेण्याजोगं काही नाही. घोंगडीत गुंडाळलेला, वेड्या भिकाऱ्याचं सोंग घेतलेला उघडा सरदारपुत्र एडगर दिसल्यावर लिअर स्वतःचे कपडे ओरबाडू लागतो. गंमत म्हणजे ‘माळ’ ही स्थळसूचना संपादक निकोलस रो याने 1709 च्या आवृत्तीत घातली. जुन्या छापील प्रतींत तिथे नुसतं वादळ आहे.

रामाच्या 14 वर्षांसारखी मुदत दोन्हीकडे नाही. आर्डनमध्ये फ्रेडरिक विरक्त होऊन राज्य परत करतो, तेव्हा रानाचे गोडवे गाणारे सगळे माघारी निघतात. मागे राहतो एकटा जेक्विस. लिअरला परतायला दरबारच उरलेला नाही.

प्रयोगात चुका ठरलेल्या. आर्डन हिरवंगार केलं की ड्यूकच्या तोंडची हिवाळी वाऱ्याची बोचरी थंडी खोटी वाटते. लिअरच्या प्रवेशात गडगडाट सतत वाजवला की संवाद बुडतात. त्या काळी ढोल बडवून, फळ्यांवर लोखंडी गोळे गडगडवून तो आवाज काढत. तो दोन वाक्यांच्या मध्ये टाकावा, वाक्यावर नको.