वृद्ध कैद्याची मुदतपूर्व सुटका : नागपुरातून अर्ज कसा करायचा, कागद कोणते, घोडं अडतं कुठे

"साठी ओलांडली, दोन तृतीयांश शिक्षा भोगली, की उरलेली शिक्षा घरी बसून भोगता येते" असा मेसेज अधूनमधून फिरतो आणि वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहाबाहेर मुलाखतीच्या रांगेत त्याची चर्चा रंगते. हा नियम खरा होता, पण अमेरिकेत. २०१८ च्या तिथल्या कायद्यातली ही योजना फक्त त्यांच्या केंद्रीय तुरुंगांसाठी होती आणि तिची मुदत सप्टेंबर २०२३ मध्ये संपली. आपल्याकडे शिक्षा झालेल्या माणसाने घरात नजरकैदेत राहून शिक्षा पूर्ण करावी, अशी तरतूद कायद्यात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२१ च्या निकालात वय, प्रकृती आणि गुन्ह्याचं स्वरूप पाहून तपासाच्या काळात नजरकैद देता येईल असं म्हटलं, पण शिक्षा झाल्यानंतरचा प्रश्न कायदेमंडळावर सोडला. म्हणून "नजरकैद मिळावी" असा अर्ज लिहून वेळ घालवू नका. मागायची ती मुदतपूर्व सुटका.

आधी प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे ते बघा

खटला अजून चालू असेल तर हा विषय जामिनाचा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० मध्ये आजारी किंवा अशक्त आरोपीला गंभीर गुन्ह्यातही जामिनाचा विचार करता येतो. शिक्षा झाली पण अपील प्रलंबित असेल तर कलम ४३० खाली शिक्षा स्थगित करून जामीन मागायचा, तोही अपील जिथे आहे तिथेच. जन्मठेपेची अपिलं बहुधा सिव्हिल लाइन्समधल्या नागपूर खंडपीठात असतात आणि वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या अपिलात वय व आजारपण हा वजनदार मुद्दा ठरतो. अनेक घरचे लोक हा मार्ग सोडून थेट शासनाकडे अर्ज करतात आणि दोन वर्षं हातची घालवतात.

शिक्षा कायम झाली असेल तर मात्र दार शासनाचं. शिक्षेत सूट देण्याचा अधिकार कलम ४७३ मध्ये आहे (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ४३२). ज्या गुन्ह्याला फाशीचीही तरतूद आहे, उदाहरणार्थ खून, त्यात जन्मठेप झाली असेल तर कलम ४७५ आडवं येतं (जुनं ४३३-अ). त्यानुसार माफी (चांगल्या वर्तनाबद्दल तुरुंगात मिळणारी शिक्षेतली सूट) न धरता १४ वर्षं प्रत्यक्ष तुरुंगात गेल्याशिवाय सुटका नाही, वय काहीही असो. यातून फक्त राज्यपालांचा अनुच्छेद १६१ खालचा अधिकार मोकळा आहे, पण तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वापरला जातो. नागपुरातल्या सदर भागातल्या लोकभवनावर (आधीचं राजभवन) अर्ज दिला तरी कागद शेवटी गृह विभागाकडेच येतात.

आणखी एक गैरसमज. स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवानिमित्त ६० वर्षांवरचे पुरुष आणि ५० वर्षांवरच्या महिला, निम्मी शिक्षा झालेली असल्यास सुटत होत्या. ती विशेष माफी १५ ऑगस्ट २०२२, २६ जानेवारी २०२३ आणि १५ ऑगस्ट २०२३ या तीन टप्प्यांत संपली. जन्मठेपेचे कैदी त्यात नव्हतेच.

कोणतं धोरण लागू होतं

महाराष्ट्रात जन्मठेपेच्या कैद्यांसाठी १९९२, २००८ आणि २०१० ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. १५ मार्च २०१० च्या तत्त्वांत गुन्ह्याच्या प्रकारानुसार वर्गवारी करून माफीसह २२, २४, २६ अशी वर्षं ठरवलेली आहेत. याशिवाय १० जानेवारी २००६ चं शासनाचं धोरण वृद्ध आणि अशक्त कैद्यांसाठी आहे. वयाची ६५ वर्षं पूर्ण, १४ वर्षं प्रत्यक्ष शिक्षा आणि वैद्यकीय मंडळाचं अशक्त असल्याचं प्रमाणपत्र, असा त्याचा गाभा. १ डिसेंबर २०१५ ला त्यात बदल करून मकोकासारख्या (संघटित गुन्हेगारीविरोधी) कायद्यांखालचे कैदी वगळले गेले.

मग जुनं धोरण लागू की नवं? सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल सांगतो, की शिक्षा सुनावली त्या दिवशी जे धोरण होतं ते लागू. नंतरचं अधिक उदार असेल तर त्याचा फायदा द्यायचा. याच मुद्द्यावर नागपूर खंडपीठाने ५ एप्रिल २०२४ ला मकोकाखाली शिक्षा झालेल्या अरुण गवळीच्या प्रकरणात २००६ च्या धोरणाचा लाभ देण्याचा आदेश दिला होता. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. म्हणून मकोकाच्या प्रकरणात त्या आदेशावर विसंबून राहू नका. साध्या खुनाच्या प्रकरणाला मात्र ही अडचण लागू होत नाही. अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात शिक्षेची तारीख आणि त्या दिवशीच्या धोरणाची तारीख शेजारीशेजारी लिहा.

शिक्षा दुसऱ्या राज्यातल्या न्यायालयाने दिली असेल आणि कैदी नागपुरात असेल, तर निर्णय त्या राज्याच्या सरकारचा. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ ला हे पुन्हा स्पष्ट केलं. तपास सीबीआयने केलेला असेल तर राज्याला केंद्राची सहमती लागते.

१४ वर्षांचा हिशेब

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. घरचे लोक अटकेपासून आजपर्यंतची वर्षं मोजतात. कारागृहाची न्यायिक शाखा तशी मोजत नाही. खटल्याच्या काळातली कोठडी धरली जाते. जामिनावर बाहेर असलेले दिवस वजा, पॅरोलचे दिवस वजा, पॅरोलवरून उशिरा आले तर ते दिवसही वजा. फर्लोचे (ठरावीक काळाने मिळणाऱ्या रजेचे) दिवस मात्र शिक्षेत मोजले जातात.

समजा, अटक १२ मार्च २०१० ची आहे आणि जामीन कधीच मिळाला नाही. कागदावर १४ वर्षं १२ मार्च २०२४ ला भरतात. पण मधे तीन वेळा मिळून १५० दिवस पॅरोल झाला आणि एकदा २० दिवस उशिरा हजर झाले, तर १७० दिवस पुढे सरकून खरी तारीख येते २९ ऑगस्ट २०२४. ही तारीख येण्याआधी दिलेला अर्ज "मुदतपूर्व" म्हणून परत येतो. अंदाज बांधण्यापेक्षा नॉमिनल रोलची (कैद्याच्या शिक्षेचा आणि आत-बाहेरच्या तारखांचा तुरुंगातला तक्ता) प्रत मागा. ती कैद्याच्या सहीच्या अर्जावर मागावी. घरच्यांनी माहिती अधिकारात मागितली की त्रयस्थ व्यक्तीची माहिती म्हणून नाकारण्याला वाव राहतो. प्रत हाती आली की आत-बाहेरच्या प्रत्येक तारखेची स्वतः बेरीज करा.

दंडही तपासा. निकालात "दंड न भरल्यास आणखी सहा महिने" असेल तर ती शिक्षा वेगळी उभी राहते. पैसे नसतील तर गरीब कैद्यांसाठीच्या केंद्राच्या २०२३ च्या योजनेतून २५ हजार रुपयांपर्यंतचा दंड भरला जाऊ शकतो. दुसऱ्या जिल्ह्यात एखादा जुना खटला आणि त्याचं वॉरंट बाकी असेल तर सुटकेचा आदेश येऊनही माणूस आतच राहतो. तो खटला आधी मार्गी लावा.

कागद

निकालाची प्रत (सत्र न्यायालय, उच्च न्यायालय आणि असेल तर सर्वोच्च न्यायालय), नॉमिनल रोल, वयाचा पुरावा, वैद्यकीय कागद, राहण्याच्या जागेचा पुरावा, आणि सांभाळणाऱ्या नातेवाइकाचं हमीपत्र व ओळखपत्र. यातले दोन कागद नीट समजून घ्यायला हवेत.

पहिला वयाचा. निकालाच्या पहिल्या पानावर "वय अंदाजे ४८, धंदा शेती" असं लिहिलेलं असतं आणि तोच आकडा तुरुंगाच्या नोंदीत उतरतो. आधार कार्डावर वेगळीच तारीख, बहुतेकदा १ जानेवारी. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये म्हटलं आहे. म्हणून शाळा सोडल्याचा दाखला किंवा दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मिळवा. काटोल-नरखेडकडच्या जुन्या जिल्हा परिषद शाळांत तो मुख्याध्यापकांकडे अर्ज केल्यावर मिळतो. माणूस शाळेतच गेला नसेल तर ग्रामपंचायतीचा जन्मनोंदीचा उतारा, तोही नसेल तर जुनी मतदार यादी. हाडांच्या तपासणीवर भिस्त ठेवू नका. साठीनंतर तिच्यातून नेमकं वय निघत नाही.

दुसरा वैद्यकीय. कैद्याला पोलीस गार्डसह मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांत नेतात. गार्ड मिळाला नाही की तारीख चुकते, म्हणून प्रत्येक चुकलेली तारीख लिहून ठेवा. तपासणीनंतर कागदावर "जनरल कंडिशन फेअर, व्हायटल्स स्टेबल" एवढंच आलं तर अर्ज तिथेच बसतो, कारण मंत्रालयातला अधिकारी त्याचा अर्थ "ठणठणीत" असा घेतो. मंडळापुढे आजाराचं नाव कमी उपयोगी, माणसाला काय जमत नाही ते जास्त. आधाराशिवाय किती पावलं चालता येतं, संडासला कोण नेतं, दिसतं किती, रात्री बराकीत कितीदा पडला, नावं-दिवस आठवतात का. हे कैद्याच्या अर्जात लिहून द्यावं आणि प्रमाणपत्रात नोंदवायला सांगावं. डिस्चार्ज कार्ड, इको, एमआरआय यांच्या झेरॉक्स घरी तारखेनुसार लावलेल्या हव्यात.

अर्जाचा प्रवास

कैद्याचा अर्ज कारागृह अधीक्षकांमार्फतच जातो. घरच्यांनी दिला तर त्यात "कैदी सध्या कारागृहात आहे" हे वाक्य असलंच पाहिजे; कायद्याचीच ती अट आहे. पॅरोलवर घरी असताना अर्ज देऊ नका.

अधीक्षक वर्तणुकीचा अहवाल जोडतात. शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचं मत आणि पोलिसांचा अहवाल मागवला जातो. मग प्रस्ताव पुण्याच्या कारागृह मुख्यालयातून मंत्रालयात गृह विभागाकडे जातो. प्रत्येक टप्प्यावर जावक क्रमांक आणि तारीख विचारून वहीत लिहा. पाठपुराव्याला दुसरं हत्यार नाही.

पोलीस अहवाल सुटल्यावर जिथे राहणार त्या ठाण्याचा लागतो. "गावात आल्यास शांतता भंग होण्याची शक्यता" हे वाक्य जवळपास ठरलेलं असतं, विशेषतः फिर्यादीचं घर त्याच गल्लीत असेल तर. यावर उपाय म्हणजे पत्ताच बदलणे. मुलगी हिंगण्याला किंवा कामठीला राहत असेल तर तिच्या घराचा पत्ता आणि तिचं हमीपत्र द्या. मूळ गावचाच पत्ता द्यायचा असेल तर पोलीस पाटलाचा जबाब होईल त्या दिवशी सांभाळणारा माणूस गावात हजर ठेवा.

न्यायाधीशांचं मत "गुन्हा गंभीर आहे, शिफारस नाही" असं एका ओळीचं आलं तर ते पुरेसं नाही. २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की मत कारणांसह हवं: पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता, ती क्षमता उरली आहे का, आत ठेवून काही साधतंय का, कुटुंबाची परिस्थिती कशी आहे. सत्तरीतल्या, भिंत धरून चालणाऱ्या माणसाच्या बाबतीत यातले बहुतेक मुद्दे त्याच्या बाजूचे असतात. ते अर्जात याच क्रमाने मांडा.

खरं तर अर्जाची वाटही पाहायला नको. १८ फेब्रुवारी २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय, की धोरण असेल तिथे पात्र कैद्याचा विचार सरकारने अर्जाशिवाय करायचा, नकाराची कारणं लिहायची आणि ती कैद्याला कळवायची. व्यवहारात अर्ज द्याच, पण त्यात या आदेशाचा उल्लेख करा.

नकार आला तर

आदेशाची प्रत कैद्याला मिळायला हवी. तीवरच नागपूर खंडपीठात फौजदारी रिट याचिका होते. चुकीचं धोरण लावलं, दिवस चुकीचे मोजले, कारणं दिली नाहीत, वैद्यकीय अहवाल पाहिलाच नाही, हे टिकणारे मुद्दे. न्यायालय बहुधा स्वतः सुटका देत नाही, फेरविचाराला पाठवतं. वकिलाचे पैसे नसतील तर काळजी नको: कोठडीतल्या प्रत्येकाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. कारागृहातल्या विधी सहाय्य केंद्रात नाव द्या, बाहेरून १५१०० वर फोन करा.

सुटका झाली की जातमुचलका आणि अटी असतात, बहुधा ठाण्यात ठरावीक दिवशी हजेरी. आजारी माणसाला दर आठवड्याला ठाण्यात जाणं झेपणार नसेल तर अट शिथिल करण्याचा अर्ज लगेच द्या, गैरहजेरी साचू देऊ नका. अट मोडली तर सूट रद्द होऊन विनावॉरंट अटक होऊ शकते. मात्र रद्द करण्याआधी नोटीस देऊन म्हणणं ऐकावं लागतं, हेही त्याच २०२५ च्या आदेशात आहे.