फेरपरीक्षेतले गणित नेमके कुठे अडते?

इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी होणाऱ्या जीसीएसई परीक्षेत गणितात किमान ४ ही श्रेणी (९ सर्वोच्च, १ सर्वांत खालची) मिळाली नाही, तर विद्यार्थ्याची गणितापासून सुटका होत नाही: पुढच्या शिक्षणातही त्याला तो विषय शिकत राहावा लागतो, आणि अनेकांना ही परीक्षा पुन्हा द्यावी लागते. प्राध्यापक ॲलिसन वुल्फ यांनी २०११ मध्ये व्यवसाय शिक्षणावरील अहवालात तशी शिफारस केली होती, आणि २०१४ पासून ही अट थेट महाविद्यालयांच्या अनुदानाशी जोडली गेली. यातली बरीच मुले ‘फर्दर एज्युकेशन’ महाविद्यालयांत, म्हणजे नळकाम, केशरचना, मोटारदुरुस्ती असे अभ्यासक्रम चालवणाऱ्या, काही अंशी आपल्या आयटीआयसारख्या संस्थांत शिकतात. २०२४ च्या उन्हाळ्यात सतरा व त्याहून अधिक वयाच्या परीक्षार्थींपैकी शेकडा १७ च्या आसपास मुलांनाच गणितात ही श्रेणी गाठता आली.

हा निकाल आळसाच्या खात्यावर टाकणे सोपे असले, तरी मुलांची चुकलेली उत्तरे बारकाईने पाहिली की निराळेच चित्र दिसते. केशरचना शिकणाऱ्या मुलीला विचारले, की ४० मिलिलिटर रंगात ६० मिलिलिटर डेव्हलपर (केसांवर रंग चढवणारे द्रावण) घालतात, तर ५० मिलिलिटर रंगात किती घालावा? ‘७०’ असे उत्तर अनेकदा येते. रंग दहाने वाढला, म्हणून डेव्हलपरही दहाने वाढवला, असा हा हिशेब असतो. गुणाकाराच्या जागी बेरीज करण्याची ही सवय लंडनच्या चेल्सी कॉलेजमधील संशोधकांनी १९७० च्या दशकातच नोंदवली होती. थोडक्यात, इथे पाटी कोरी नसते. तिच्यावर एक चुकीचा नियम पक्का लिहिलेला असतो, आणि तोच धडा दुसऱ्यांदा, तोही अधिक घाईने शिकवल्यास तो नियम जागचा हलत नाही.

त्याऐवजी ४० साठी दोन आणि ६० साठी तीन सारख्या चौकटी काढून घेतल्या, तर प्रत्येक चौकट २० ची होते. रंग ५० झाला की दोन चौकटींत तो मावण्यासाठी प्रत्येक चौकट २५ ची करावी लागते, आणि डेव्हलपरच्या तीन चौकटी मिळून ७५ होतात. ७० का चुकले, हे मुलीला स्वतःच दिसते, आणि माझ्या मते खरे शिकणे तिथेच घडते.

थोडे विषय, पण खोलवर आणि अशा आकृत्यांच्या आधाराने शिकवण्याच्या या पद्धतीची चाचणी नॉटिंगहॅम विद्यापीठाने महाविद्यालयांत चिठ्ठी टाकल्याप्रमाणे गट पाडून घेतली. तिच्यात नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्या मुलांच्या तुलनेत सरासरी सुमारे एका महिन्याच्या शिक्षणाइतकी, तर वंचित घरांतील मुलांची सुमारे दोन महिन्यांइतकी जास्तीची प्रगती आढळली. हा चमत्कार नव्हे. पण आधी एकदा, कधी दोनदा नापास झालेल्या मुलांच्या बाबतीत तो क्षुल्लकही नाही. शिवाय गणिताच्या धास्तीने कार्यस्मृतीचा, म्हणजे आकडे क्षणभर मनात धरून ठेवण्याच्या क्षमतेचा, काही भाग चिंतेतच खर्च होतो, असे मानसशास्त्रीय प्रयोगांत दिसले आहे. कागदावरची चौकट तो भार बराच हलका करते.

प्रश्न उरतो वेळेचा. वर्षाला जेमतेम शंभर तास मिळत असताना पाच वर्षांचा सगळा अभ्यासक्रम पुन्हा उरकण्याचा मोह शिक्षकाला होतोच. मात्र ही मुले जीसीएसईची ज्या ‘फाउंडेशन’, म्हणजे सोप्या स्तराची प्रश्नपत्रिका सोडवतात, तिच्यात गुणोत्तर व प्रमाण या एकाच भागाला सुमारे २५ टक्के गुण आहेत, तर भूमितीला १५. तास कमी पडत असतील, तर वर्तुळाची सूत्रे थांबू शकतात, रंग आणि डेव्हलपरचा हिशेब नाही.